सारखी पेटी, वेगळे यंत्र
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला आपल्याशी जुन्या संगणकांविषयी बोलावयाचे आहे. विषय ऐकून कोणाला वाटेल की, मेळावा शिक्षणाचा आणि हे मास्तर भंगाराच्या गोष्टी काय सांगत बसले! परंतु त्याला कारण आहे. आपल्या शाळांना अधूनमधून कोणी ना कोणी वापरून झालेले संगणक देत असते. आपल्यापैकी कित्येक पालक दहावी-बारावीनंतर मुलांसाठी जुना लॅपटॉप विकत घेतात. दोन्ही वेळी आपण काय पाहतो? पेटी पाहतो, पेटीवरचे नाव पाहतो आणि म्हणतो, "शेजारच्या सलीमने घेतला तोच हा." येथेच आपली फसगत होते. पेटी सारखी असली म्हणजे आतले यंत्र सारखे असतेच असे नाही. ही गोष्ट आजची नाही. घरगुती संगणक जगात आले त्या पहिल्या दोन-चार वर्षांपासून ती चालत आलेली आहे.

मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. म्हणून मी जे सांगणार आहे ते समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. वाचता येणे आणि मोजता येणे एवढे पुरेसे आहे.

आपण वऱ्हाडची माणसे. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रातून सरकीची पिशवी आणताना आपला शेतकरी काय करतो? पिशवीवरचे चित्र सगळ्यांचे सारखेच असते. तो वाणाचे नाव वाचतो, मग लॉट नंबर वाचतो, मुदत पाहतो आणि पावती जपून ठेवतो. उद्या उगवण झाली नाही तर चित्र दाखवून उपयोग नसतो, लॉट नंबर दाखवावा लागतो. संगणकाचेही अगदी तसेच आहे. बाहेरचे नाव म्हणजे पिशवीवरचे चित्र. लॉट नंबर आतल्या बोर्डावर छापलेला असतो.

आता प्रश्न असा की, एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या यंत्रांत फरक पडतोच कशाला? ह्याची मुख्य कारणे चार आहेत. एक, कंपनी स्वस्त आणि महाग असे दोन प्रकार करते, पण पेटीचा साचा महाग पडतो म्हणून दोन्हींना एकच पेटी वापरते. दोन, यंत्र बाजारात आल्यावर त्यातले दोष कळतात आणि कंपनी बोर्डाची रचना हळूहळू सुधारत जाते. नाव तेच राहते, आतला बोर्ड बदलतो. तीन, बाजारात ज्या वेळी जी चिप मिळते ती बसवली जाते. आणि चार, यंत्र विकले गेल्यावर दुरुस्ती करणारे, वापरणारे आणि कधी लबाडी करणारे लोक त्यात बदल करतात. ह्या चारही कारणांची खरी उदाहरणे आपण पाहू.

पहिले उदाहरण आपल्या देशातील शाळांशी संबंधित आहे. १९८४-८५ साली भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक-साक्षरता योजना सुरू केली. प्रारंभी सुमारे २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो नावाचा संगणक देण्यात आला. इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या शिक्षण-कार्यक्रमासाठी हा संगणक तयार केला होता आणि तो १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला होता. पुढे आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ह्या सरकारी कंपनीने परवाना घेऊन 'युनिकॉर्न' ह्या नावाने तो बनवला. भारतातल्या शाळकरी मुलांनी शाळेत प्रथम ज्या संगणकाच्या कळा दाबल्या, त्यांत ह्या यंत्राचा वाटा मोठा आहे.

ह्या बीबीसी मायक्रोचे दोन प्रकार होते, मॉडेल ए आणि मॉडेल बी. १९८२ मध्ये इंग्लंडात एकाची किंमत २९९ पौंड आणि दुसऱ्याची ३९९ पौंड होती. दोन्हींची पेटी एकच, कीबोर्ड एकच, आतला मुख्य बोर्डही एकच. फरक एवढाच की, मॉडेल ए मध्ये स्मृती १६ किलोबाइट आणि मॉडेल बी मध्ये ३२ किलोबाइट होती, आणि मॉडेल ए च्या बोर्डावर काही चिप्सच्या व जोडण्यांच्या जागा रिकाम्या सोडलेल्या होत्या.

आता ह्याचा परिणाम पाहा. बीबीसीला पडद्यावर चित्र दाखवण्याच्या शून्य ते सात अशा आठ पद्धती होत्या. पैकी शून्य, एक आणि दोन ह्या पद्धतींना केवळ चित्र साठवण्यासाठी २० किलोबाइट स्मृती लागत असे. ज्या यंत्रात एकूण स्मृतीच १६ किलोबाइट आहे, ते २० कोठून आणणार? तीन क्रमांकाच्या पद्धतीला १६ किलोबाइट लागत, म्हणजे तीही गेली. म्हणून मॉडेल ए वर फक्त चार ते सात ह्याच पद्धती चालत. दोन मुले शेजारी बसून पुस्तकातला एकच प्रोग्राम टाइप करतात. एकाच्या पडद्यावर चित्र उमटते, दुसऱ्याच्या पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येतो. शिक्षकाला आतला फरक ठाऊक नसेल तर तो कोणाला रागावेल, हे मी आपल्याला सांगावयास नको.

मॉडेल बी मध्येसुद्धा सगळी यंत्रे एकसारखी नव्हती. आरंभीच्या यंत्रांत मूळ कारभाराचा प्रोग्राम ०.१ आवृत्तीचा होता, नंतर १.२ आवृत्ती आली. डिस्क जोडावयाची तर नवी आवृत्ती लागे. डिस्क चालवणारी चिप काही यंत्रांत इंटेलची ८२७१ होती, तर पुढच्या काळात वेस्टर्न डिजिटलची १७७० आली. जे प्रोग्राम सरळ पहिल्या चिपशी बोलत, ते दुसऱ्या चिपवर चालत नसत. डिस्क तीच, पेटी तीच, नाव तेच, आणि तरीही काम होत नाही! परंतु हे ओळखण्याचा उपायही सोपा होता. तारकेचे चिन्ह देऊन 'एफएक्स शून्य' एवढे टाइप केले की, कोणती आवृत्ती बसवली आहे हे यंत्र स्वतःच सांगत असे. विचारले तर यंत्र उत्तर देते. विचारणारा पाहिजे.

दुसरे उदाहरण स्पेक्ट्रमचे. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक एप्रिल १९८२ मध्ये निघाला. घरच्या टीव्हीला जोडावा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम भरावा, अशी त्याची सोय होती. आपल्या देशात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन त्याची पुढची आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ह्या नावाने विकली. मूळ स्पेक्ट्रमही १६ आणि ४८ किलोबाइट अशा दोन प्रकारांत मिळे. किंमत १२५ आणि १७५ पौंड, पेटी मात्र एकच. तेथेही यंत्राला विचारण्याची युक्ती होती. 'प्रिंट पीक २३७३३' असे टाइप केले आणि उत्तर २५५ आले तर ४८ किलोबाइट, १२७ आले तर १६ किलोबाइट.

ह्या ४८ किलोबाइटची कहाणी मोठी मजेदार आहे. त्या काळी स्मृतीच्या चिप्स महाग होत्या. कारखान्यात ६४ किलोबिटच्या चिप्स तयार होताना काहींचा अर्धा भाग बिघडलेला निघे, अर्धा भाग ठणठणीत असे. अशा चिप्स ३२ किलोबिटच्या म्हणून स्वस्तात विकल्या जात. सिंक्लेअर कंपनीने त्याच घेतल्या. चिपचा चांगला अर्धा भाग कोणता, वरचा की खालचा, हे बोर्डावर एक बारीक तार इकडे किंवा तिकडे जोडून ठरवले जाई. म्हणजे ४८ किलोबाइटची दोन यंत्रे शेजारी ठेवली, तर एकाची तार एका बाजूला आणि दुसऱ्याची दुसऱ्या बाजूला असू शकते. एकाची चिप काढून दुसऱ्यात बसवली, तर चिप चांगली असूनही यंत्र चालत नाही. ज्या कारागिराला हे ठाऊक आहे तो तारेकडे पाहतो. ज्याला ठाऊक नाही तो चिप फेकून देतो.

विद्यार्थी मित्रांनो, ह्यापुढची गोष्ट विशेषतः तुमच्यासाठी आहे. स्पेक्ट्रमचे बोर्ड वेळोवेळी सुधारत गेले. त्यांना 'इश्यू वन', 'इश्यू टू', 'इश्यू थ्री' असे क्रमांक होते. कीबोर्डवर कोणती कळ दाबली आहे हे कळण्यासाठी प्रोग्राम २५४ क्रमांकाच्या दारातून एक संख्या वाचत असे. त्या संख्येचे आठ बिट. त्यांतले खालचे पाच बिट कळांचे, आणि एक बिट टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या आवाजाचा. कोणतीही कळ दाबलेली नसताना इश्यू टू बोर्डावर ही संख्या २५५ येत असे. इश्यू थ्री बोर्डात त्या आवाजाच्या बिटाची स्थिती बदलली. त्याची किंमत ६४. दोनशे पंचावन्नातून चौसष्ट वजा करा, उरतात १९१.

ज्यांनी नियमाप्रमाणे फक्त खालचे पाच बिट तपासले त्यांचे प्रोग्राम दोन्ही बोर्डांवर चालले. ज्यांनी सबंध संख्या २५५ येते असे गृहीत धरले त्यांचे खेळ नव्या बोर्डावर कळांना दाद देईनात. मुलगा कळ दाबतो आणि पडद्यावर काही हलत नाही. त्याला वाटते कीबोर्ड बिघडला, वडिलांना वाटते पोराने बिघडवला. प्रत्यक्षात ना कीबोर्ड बिघडला, ना पोराने बिघडवला. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एका बोर्डावर पाहिलेली गोष्ट सगळ्या बोर्डांवर खरी मानली, एवढेच घडले होते.

आता मोठ्या संगणकांकडे वळू. आज आपण ज्याला पीसी म्हणतो त्याचा मूळपुरुष म्हणजे आयबीएम कंपनीचा पीसी. तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. आयबीएमने १९७८ मध्येच भारतातला आपला व्यवसाय आवरला होता. त्यामुळे नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर आपल्याकडे जे पीसी पसरले, ते बहुतेक भारतीय कंपन्यांनी त्याच धर्तीवर जुळवलेले होते.

मूळ आयबीएम पीसीचेच पाहा. त्याचे बोर्ड दोन तऱ्हेचे निघाले. पहिल्यावर १६ ते ६४ किलोबाइट स्मृती बसे, दुसऱ्यावर ६४ ते २५६. पेटी तीच. दुसऱ्या तऱ्हेच्या यंत्राच्या पाठीमागे वर्तुळात 'बी' अक्षर असे, पण पाठीमागे पाहतो कोण? शिवाय बोर्डावर कायमचा लिहिलेला जो मूळ प्रोग्राम, ज्याला बायोस म्हणतात, त्यावर तारीख असे. २७ ऑक्टोबर १९८२ पूर्वीच्या तारखेचा बायोस असेल तर बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कच्या कार्डाची तो दखलच घेत नसे. म्हणजे एकाच नावाच्या दोन यंत्रांपैकी एक हार्ड डिस्कवर चालू शकते आणि दुसरे हट्टाने फ्लॉपीच मागते.

चिप्सचेही तसेच. त्या काळच्या बोर्डांवर स्मृतीच्या चिप्स रांगेने बसवलेल्या असत. एका रांगेत नऊ चिप्स, आठ कामाच्या आणि नववी तपासणीची. ४१६४ नावाची चिप आणि ४१२५६ नावाची चिप ह्या दोन्हींना सोळाच पाय, लांबी-रुंदी सारखी. पहिल्या चिपचा एक नंबरचा पाय रिकामा असतो, दुसऱ्या चिपमध्ये तोच पाय पत्ता सांगण्याच्या कामी येतो. तेवढ्या एका पायामुळे ६४ चे २५६ होतात, चौपट! नऊ चिप्सची एक रांग ६४ किलोबाइटची की २५६ ची, हे चिपच्या पाठीवरचा आकडा वाचल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या पिढीत ३८६ आणि ४८६ ही नावे आपल्याही गावांत ऐकू आली. ३८६ मध्ये एक डीएक्स आणि एक एसएक्स. दोन्ही आत एका वेळी ३२ बिट हाताळत. परंतु एसएक्सचा बाहेर जाण्याचा रस्ता १६ बिटांचाच होता. आपल्या मूर्तिजापूरचे उदाहरण घ्या. शकुंतला रेल्वेची अरुंद गाडी तेथे येई आणि पुढे मोठ्या मार्गाचे डबे. माल तोच, पण मार्ग अरुंद असला की फेऱ्या वाढतात. एसएक्सला स्मृतीतून ३२ बिट आणण्यासाठी दोन फेऱ्या कराव्या लागत.

४८६ मध्ये फरक वेगळा होता. डीएक्समध्ये गणिते करणारा स्वतंत्र विभाग होता आणि १९९१ मध्ये आलेल्या एसएक्समध्ये तो बंद केलेला होता. पत्र लिहिण्यासाठी दोन्ही सारखेच. पण आराखडे काढणाऱ्या ऑटोकॅडच्या त्या काळच्या ३८६ आवृत्तीला गणिताचा विभाग लागतच असे. एखाद्या पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याने घरच्या एसएक्सवर तो प्रोग्राम भरला तर तो सुरूच होणार नाही. पेटीवर मात्र मोठ्या अक्षरांत '४८६' एवढेच लिहिलेले!

ही झाली प्रामाणिक फरकांची गोष्ट. लबाडीचीही एक सांगतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात काही स्वस्त ४८६ बोर्डांवर वेग वाढवणाऱ्या कॅश चिप्सच्या जागी पोकळ प्लास्टिकचे तुकडे बसवलेले आढळले. त्यांच्या आत काहीही नव्हते. बोर्डाचा बायोससुद्धा असा बदललेला होता की, पडद्यावर कॅश असल्याचे खोटेच दाखवावे. त्याच काळात कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खोडून जास्त वेगाचा आकडा छापण्याचे प्रकारही जगभर घडले. म्हणून मी म्हणतो की, लेबल वाचावे, पण तेवढ्यावर थांबू नये. काम करवून पाहावे.

आपल्या भाषेशी संबंधित एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आज मोबाईलवर मराठी सहज उमटते. डॉसच्या काळात तसे नव्हते. कानपूरच्या आयआयटीत ह्या तंत्राचा आरंभ झाला आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते 'जिस्ट कार्ड' ह्या रूपाने पुढे आणले. हे कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसवावयाचे. मग इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी अक्षरे उमटू लागत. आता कल्पना करा. एका कचेरीत दोन संगणक, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आलेले. एकावर अर्जदाराचे नाव मराठीत लिहिता येते, दुसऱ्यावर येत नाही. फरक केवळ आतल्या एका कार्डाचा! त्या काळी कोणी म्हटले असते की, संगणकाला मराठी येत नाही, तर ते अर्धेच खरे ठरले असते. ज्याच्या पोटात कार्ड होते त्याला मराठी येत होती.

मित्रहो, आता आपल्या शाळेकडे येतो. आमच्या वर्गासाठी एका कार्यालयातून चार जुने संगणक मिळाले. काळ्या रंगाच्या चार सारख्या पेट्या, चारींवर एकच नाव, एकच मॉडेल, सगळे विंडोज एक्सपीच्या काळातले. नववीच्या मुलांना आम्ही जोडीजोडीने बसवले. एका मुलीचे काम नेहमी मागे राही. इतरांची फाईल उघडून अर्धे पान लिहून होई, तेव्हा हिच्या पडद्यावर वाळूचे घड्याळ फिरत असे. एके दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते जिनिंगमध्ये कामाला आहेत.

म्हणाले, "सर, पोरगी म्हणते मले कॉम्प्युटर जमत नाही. अलग क्लास लावू का? हजार-बाराशे महिना म्हणतात."

मी म्हणालो, "भाई, क्लास लावायच्या आधी दोन दिवस थांबा. आधी मशीन पाहू."

दुसऱ्या दिवशी मुलांच्या जागा बदलल्या. मुलगी दुसऱ्या संगणकावर बसली आणि तिचे काम सर्वांबरोबर झाले. तिच्या जागी जो हुशार समजला जाणारा मुलगा बसला, तो मागे पडला. मग आम्ही चारही पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या. तीन संगणकांत स्मृतीच्या दोन-दोन पट्ट्या होत्या, मिळून ५१२ मेगाबाइट. चौथ्यात एकच पट्टी, १२८ मेगाबाइटची. पूर्वी केव्हातरी दुरुस्तीच्या वेळी कोणी तरी बदल केला असावा. स्मृती कमी पडली की, संगणक उरलेले सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसे परत आणतो. लहान टेबलावर काम करणाऱ्याला सारखे उठून कपाटाकडे जावे लागते, तसे. बाजारातून एक जुनी पट्टी आणून बसवली आणि चारही संगणक बरोबरीने चालू लागले. क्लासचे पैसे वाचले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, "मला जमत नाही" हे वाक्य त्या मुलीच्या मनातून निघाले. वडील एवढेच म्हणाले, "म्हणजे पोरगी बराबर होती, डब्बाच अधुरा होता."

ह्या प्रकारानंतर आम्ही एक साधी नोंदवही केली. तीच पद्धत मी सर्व शाळांना सुचवू इच्छितो. प्रत्येक यंत्राला क्रमांक द्यावा. बोर्डावरचा आवृत्ती क्रमांक, बायोसची तारीख, प्रोसेसरचा पूर्ण आकडा, स्मृती किती व किती पट्ट्यांत, डिस्क कोणती, कोणते जादा कार्ड आहे, हे विद्यार्थ्यांच्या हातून लिहून घ्यावे. ज्या दिवशी भाग बदलला त्या दिवसाची नोंद करावी. शेताचा सातबारा असतो तसा यंत्राचा सातबारा असावा.

मात्र काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. हात पेटीच्या धातूला लावून मग बोर्डाला लावावा. विजेचा पुरवठा करणारा बंद डबा आणि जुना काचेचा मॉनिटर कधीही उघडू नये. मॉनिटरच्या नळीत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. जुन्या २८६, ३८६, ४८६ बोर्डांवर जी लहान बॅटरी टाकलेली असते ती पाझरून बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. असा बोर्ड दिसला तर नुसत्या हाताने पुसू नये, शिक्षकांना दाखवावा.

पालकहो, आता आपल्या खिशाची गोष्ट. आज बाजारात जो जुना लॅपटॉप मिळतो त्यातही हाच न्याय लागू आहे. एक उदाहरण देतो. कोअर आय-फाय ७२००-यू आणि कोअर आय-फाय ८२५०-यू हे दोन प्रोसेसर. कित्येक लॅपटॉपची पेटी तशीच राहिली आणि आत पहिल्याच्या जागी दुसरा आला. दोन्हींवर 'आय-फाय' हेच चकचकीत लेबल. पण पहिल्यात दोन गाभे आहेत, दुसऱ्यात चार. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचा तो पहिला प्रोसेसर नाही, आठव्या पिढीचा दुसरा आहे. भाव सारखा सांगितला तर आपण कोणता घ्याल? आणि फरकच माहीत नसेल तर कसे ठरवाल?

म्हणून दुकानात गेल्यावर शांतपणे पाच गोष्टी पाहा. प्रोसेसरचा पूर्ण आकडा वाचा, नुसते 'आय-फाय' ऐकून घेऊ नका. स्मृती किती आणि ती वाढवता येते की बोर्डावरच जोडून टाकलेली आहे, हे विचारा. डिस्क फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे पाहा. बॅटरी मूळची किती क्षमतेची होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती भरते, त्याचा अहवाल विंडोजमध्येच निघतो, तो काढायला सांगा. आणि शेवटी, दुकानदाराच्या समोर पंधरा मिनिटे आपले नेहमीचे काम करून पाहा. पावतीवर ह्या गोष्टी लिहून घ्या. प्रामाणिक दुकानदार ह्याला नकार देणार नाही. इंग्रजी आकडे वाचायला अडचण वाटत असेल तर आपल्या आठवी-नववीच्या मुलामुलीला बरोबर न्या. वाचायला आपणच त्यांना शाळेत पाठवले आहे, त्याचा उपयोग येथे करून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगेन की, प्रोग्राम चालला नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका आणि लगेच यंत्रालाही देऊ नका. आधी शेजारच्या यंत्रावर तेच काम करून पाहा. दोन्हीकडे चुकले तर चूक तुमच्या लिहिण्यात आहे, ती शोधा. एकीकडे चालले आणि दुसरीकडे नाही, तर फरक यंत्रात आहे, तो शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा. ज्याला ही सवय लागली तो पुढे डॉक्टर होवो, मेकॅनिक होवो की शेतकरी, त्याच्या कामी येईल.

आणि पालकांना व माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. "त्याच वर्गात, त्याच बाकावर, तेच पुस्तक, मग ह्याला का येत नाही?" असे आपण मुलांबद्दल सहज बोलून जातो. एखाद्याला फळा नीट दिसत नसेल, एखाद्याने सकाळपासून काही खाल्ले नसेल, एखाद्याला घरी अभ्यासाला जागा नसेल. दोष ठेवण्यापूर्वी विचारून पाहावे.

शाळेत जुने संगणक पडून असतील तर ते भंगारात घालण्यापूर्वी एकदा मुलांसमोर उघडा आणि वरची नोंदवही भरा. त्यातला एखादा चालू होईल, एखाद्याचे भाग दुसऱ्याला उपयोगी पडतील. वाचायला आणि मोजायला तर सगळेच लागतील.